शक्ती हातात नव्हतीच! : संमोहनाचे कोडे सोडवू पाहणारे आबे फारिया

पणजीत मांडवीच्या काठाने फिरणारा पर्यटक जुन्या सचिवालयाच्या, म्हणजेच आदिलशहाच्या राजवाड्याच्या शेजारी असलेल्या एका पुतळ्यापाशी हमखास थबकतो. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरू, त्याचे पुढे पसरलेले हात आणि त्या हातांखाली भान हरपून मागे कलंडलेली एक स्त्री, असे ते शिल्प आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभारण्यात आला. तो पाहताच मनात पहिला विचार येतो तो असा, की या माणसाच्या हातांत काहीतरी अद्भुत शक्ती असली पाहिजे.

गंमत अशी, की ज्यांचा हा पुतळा आहे त्या आबे फारिया यांनी आयुष्याची अखेरची काही वर्षे नेमके याच्या उलट सांगण्यात खर्ची घातली. आपल्या हातांत काहीही नाही, जे काही घडते ते समोर बसलेल्या माणसाच्या मनात घडते, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच खोलीत, एकाच स्वरात दिलेल्या आज्ञेने एक जण गाढ निद्रेत जातो आणि त्याच्या शेजारचा मात्र टक्क जागा राहतो, असे का, हा प्रश्न त्यांना पडला होता. तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही. मात्र त्याचे उत्तर कोणत्या दिशेला शोधायचे, हे दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखले त्यांच्यात बार्देसच्या या सुपुत्राचे स्थान फार वरचे आहे.

कांदोळी ते लिस्बन

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देस तालुक्यातील कांदोळी या गावी, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे, तर आई रोझा मारिया द सोझा कांदोळीची. धर्मांतरापूर्वी हे घराणे सारस्वत ब्राह्मणांचे होते. आईवडिलांचे पटले नाही. दोघांनी चर्चच्या संमतीने विभक्त होण्याचा निर्णय घेतला आणि दोघांनीही धर्मसेवेचा मार्ग पत्करला. वडील धर्मगुरू झाले, तर आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण म्हणून दाखल झाली. मुलगा वडिलांकडे राहिला.

१७७१ साली कायतान व्हितोरिनो आपल्या मुलाला घेऊन पोर्तुगालला निघाले. मुलाला तेव्हा पंधरावे वर्ष लागलेले होते. जहाजाचा तो प्रवास कित्येक महिन्यांचा. लिस्बनहून पुढे पितापुत्र रोमला गेले. तेथे जुझे यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले, १७८० मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्रातील डॉक्टरेटही त्यांनी संपादन केली. त्यानंतर ते लिस्बनला परतले. तेथील दरबारात वडिलांनी तोवर चांगले वजन मिळविले होते.

याच काळातील एक प्रसंग गोव्यात आजही आवर्जून सांगितला जातो. केलुझच्या राजप्रासादातील प्रार्थनामंदिरात, राणी पहिली मारिया हिच्यासमोर, तरुण फारिया यांना प्रवचन देण्याचा मान मिळाला. व्यासपीठावर चढल्यावर समोरचा उमरावांचा मेळा पाहून त्यांची वाचाच बसली. एक शब्द फुटेना. तेव्हा जवळच बसलेल्या वडिलांनी हळू आवाजात कोकणीतून त्यांना सुचविले, की समोर बसली आहे ती सगळी भाजी आहे असे समज आणि खुशाल कापत सुट. त्या एका वाक्याने भीती पार पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. एका साध्या शब्दाने माणसाच्या मनाची अवस्था क्षणात कशी पालटते, याविषयीचे फारिया यांचे कुतूहल येथूनच जागे झाले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील ऐतिहासिक सत्य किती, हा मुद्दा अलाहिदा. परंतु पुढे त्यांनी जे शास्त्र मांडले त्याचे बीज या गोष्टीत पुरेपूर आहे, हे खरे.

बंडाची सावली, क्रांतीची धग

त्या काळी गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंना वरिष्ठ पदांपासून दूर ठेवले जात असे. या अन्यायाची खदखद वाढत गेली आणि १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट शिजला. तो फुटला. पकडलेल्यांपैकी पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. या कटात सामील असलेले काही धर्मगुरू लिस्बनमध्ये कायतान व्हितोरिनो यांच्या संपर्कात होते. साहजिकच संशयाची सुई पितापुत्रांकडेही वळली. १७८८ मध्ये जुझे यांनी लिस्बन सोडले आणि पॅरिस गाठले. पुढील आयुष्य त्यांनी फ्रान्समध्येच काढले. तेथे धर्मगुरूला आदराने ‘आबे’ म्हणत. तेच पुढे त्यांचे नाव झाले.

पॅरिसला पोहोचल्यावर वर्षभरातच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. फारिया त्यापासून अलिप्त राहिले नाहीत. १७९५ मध्ये तेथील नॅशनल कन्व्हेन्शनविरुद्ध जो उठाव झाला, त्यात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केल्याची नोंद आहे. उठाव फसला. फारिया मात्र वाचले आणि हळूहळू एका वेगळ्याच विषयाकडे ओढले गेले.

मेस्मरचा द्रव

हा विषय होता ‘प्राणिज चुंबकत्व’. फ्रांझ आंतोन मेस्मर हा व्हिएन्नातील वैद्य १७७८ मध्ये पॅरिसला आला आणि त्याने शहरावर अक्षरशः गारूड केले. विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, शरीरातील त्याचा समतोल ढळला की रोग होतो आणि आपण हातांच्या साह्याने हा द्रव रुग्णाच्या शरीरात खेळवू शकतो, असा त्याचा दावा होता. लोक त्याच्या दालनात येत, थरथरत, रडत, बेशुद्ध पडत आणि पुष्कळदा बरे होऊन जात. अखेर राजाने १७८४ मध्ये चौकशी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्यासारखे दिग्गज त्यात होते. द्रव वगैरे काही अस्तित्वात नाही, जे घडते ते कल्पनेमुळे, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि विषय संपविला.

त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द प्युसेग्यूर याला एक नवी गोष्ट आढळली. एका तरुण शेतकऱ्यावर उपचार करताना तो शांत निद्रेत गेला. मात्र या निद्रेत तो बोलत होता, प्रश्नांची उत्तरे देत होता. संमोहनाची जी अवस्था आज आपल्याला परिचित आहे, ती हीच. फारिया यांना या विद्येची गोडी लागली ती प्युसेग्यूरमुळे. पुढे आपला ग्रंथही त्यांनी त्यालाच अर्पण केला.

सुरुवातीच्या काळात फारियाही इतरांप्रमाणेच या अदृश्य शक्तीच्या मोहात असावेत. फ्रेंच साहित्यिक शातोब्रियाँ याने आपल्या आठवणींत एक किस्सा नोंदविला आहे. एका उमराव स्त्रीच्या घरी भोजनप्रसंगी, केवळ चुंबकत्वाच्या बळावर आपण कॅनरी पक्ष्याचा प्राण घेऊ शकतो, अशी फुशारकी फारिया यांनी मारली. प्रयोग झाला. पक्ष्याला काहीच झाले नाही. फारिया यांनाच माघार घेऊन निघून जावे लागले. शातोब्रियाँने हे अर्थातच थट्टेने लिहिले आहे. तरीही ज्याने एके काळी हातांतील शक्तीचा दावा केला, त्यानेच पुढे ती शक्ती नाकारली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अपयशातून शिकण्याचे धैर्य सर्वांपाशी नसते.

क्लिशी मार्गावरील गुरुवार

१८११ मध्ये फारिया यांची मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथील वैद्यकीय संस्थेनेही त्यांना सदस्य करून घेतले. पुढच्याच वर्षी त्यांची निम येथे बदली झाली. परंतु मन तेथे रमेना. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्टपासून क्लिशी मार्गावरील ४९ क्रमांकाच्या वास्तूत त्यांनी जाहीर व्याख्याने सुरू केली. दर गुरुवारी ही सभा भरे. प्रवेशमूल्य पाच फ्रँक.

सावळ्या वर्णाचा, उंचापुरा, करारी मुद्रेचा हा धर्मगुरू आधी आपला सिद्धान्त समजावून सांगे आणि मग प्रयोग करी. त्यांची पद्धत मेस्मरच्या तुलनेत विलक्षण साधी होती. लोखंडी कांड्या नाहीत, पाण्याच्या टाक्या नाहीत, शरीरावरून हात फिरविणे नाही. समोरच्या माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करायला सांगायचे आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. गरज पडल्यास ती तीन-चार वेळा द्यायची. काही जण तत्काळ निद्रेत जात. त्यांना पाण्याचा पेला देऊन ते मद्य आहे असे सांगितले, तर त्यांना मद्याचीच चव लागे. काही जणांवर आणखी एक उपाय होई. त्यांना फारिया यांच्या उघड्या तळहाताकडे टक लावून पाहायला सांगितले जाई. एवढे करूनही जो जागाच राहील त्याला या निद्रेसाठी तो योग्य नसल्याचे सांगून बाजूला केले जाई.

हे बाजूला करणेच फारिया यांच्या विचाराचे मर्म होय. द्रव जर खरोखर प्रयोगकर्त्याच्या हातातून वाहत असेल, तर तो सर्वांना सारखाच लागला पाहिजे. तसे तर होत नाही. हात तोच, आवाज तोच, खोली तीच. बदलतो तो फक्त समोरचा माणूस. तेव्हा कारणही त्या माणसातच असले पाहिजे. आपण कोणालाही हवे तेव्हा निद्रिस्त बनवू शकत नाही, तर ज्यांच्यात ही क्षमता मुळातच आहे असे लोक आपल्याला सापडतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. अशा लोकांना त्यांनी ग्रीक भाषेतून ‘एपोप्त’ हे नाव दिले. आपल्या कामाला ते चुंबकत्व म्हणत नसत. चित्ताची एकाग्रता हाच त्यांच्या मते या सजग निद्रेचा पाया होता आणि रोजच्या साध्या झोपेचे कारणही तेच होते. म्हणजे जादू नाही, सैतान नाही, अदृश्य द्रवही नाही. फ्रँकलिन यांच्या आयोगाने कल्पना म्हणून जे मोडीत काढले होते, तेच फारिया यांनी अभ्यासाचा विषय म्हणून उचलले.

हशा आणि अंधार

या भूमिकेमुळे त्यांना मित्र उरले नाहीत. द्रवावर विश्वास असलेले चुंबकवादी त्यांच्यावर रुष्ट झाले, कारण त्यांच्या व्यवसायाचा आधारच फारिया काढून घेत होते. चर्चमधील मंडळींना या प्रयोगांत सैतानाचा वास येत होता. उरलेल्या पॅरिसला हा गोव्याचा धर्मगुरू भोंदू वाटत होता. अशातच एका नटाने प्रयोगात निद्रिस्त झाल्याचे सोंग वठविले आणि ऐन वेळी डोळे उघडून फारिया यांची भर सभेत फजिती केली, असे सांगितले जाते. सप्टेंबर १८१६ मध्ये तर ‘मान्येतिस्मोमानी’ नावाचे प्रहसनच रंगभूमीवर आले. पॅरिस पोट धरून हसले. व्याख्यानांना येणारी गर्दी ओसरली.

वास्तविक, आज्ञा सर्वांवर चालत नाही हे फारिया यांनी स्वतःच उघडपणे सांगितले होते. सर्वांवर सारखी सत्ता असल्याचा दावा त्यांनी केला असता, तर एका सोंगाड्याने तो खोटा पाडला असे म्हणता आले असते. पण हसणाऱ्या गर्दीला हा बारकावा कोण समजावून सांगणार? तिच्या लेखी एक प्रयोग फसला म्हणजे सगळेच थोतांड.

उपजीविकेसाठी फारिया यांनी मुलींच्या एका धार्मिक निवासात धर्मगुरूचे साधेसे काम पत्करले आणि उरलेला वेळ ग्रंथलेखनाला दिला. सजग निद्रेच्या कारणांची मीमांसा करणारा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार खंडांचा संकल्प होता, पण पहिलाच तेवढा पुरा झाला. २० सप्टेंबर १८१९ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्या जागेवर नावाची शिळादेखील नव्हती.

पुढे पाव शतकाने अलेक्झांडर द्यूमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीत शातो दीफच्या तुरुंगातील एका विद्वान कैद्याला आबे फारिया हे नाव दिले आणि ते जगभर पोहोचले. मात्र त्या कादंबरीतील फारिया इटालियन आहे आणि संमोहनाशी त्याचा काही संबंध नाही. नाव अमर झाले, माणूस विस्मृतीत गेला.

बरोबर काय, चूक काय?

विचार मात्र झिरपत राहिला. क्लिशी मार्गावरील सभांना येणाऱ्या नोइझे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो पुढे नेला. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने आपल्या ग्रंथातून ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली आणि स्वतंत्र मार्गाने द्रवाची कल्पना मोडीत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचना हेच संमोहनाचे मूळ असल्याचे मांडले, तेव्हा फारिया यांचे ऋण मान्य करण्यात आले. १९०६ मध्ये डॉ. दाल्गादो या गोमंतकीय विद्वानाने त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

फारिया यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. काहींमध्येच ही क्षमता का, याचे उत्तर त्यांनी रक्तात शोधले. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर निद्रेत जातात, असा त्यांचा समज होता. शरीरातून थोडे रक्त काढल्यास योग्यता नसलेला माणूसही एका दिवसात योग्य होतो, असेही त्यांनी लिहिले. रक्त काढणे हा त्या काळच्या वैद्यकातील नित्याचा उपाय होता, हे ध्यानात घेतले तरी हे उत्तर चुकीचेच ठरते.

मूळ निरीक्षण मात्र काळाच्या कसोटीवर उतरले. १९५९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइत्झेनहोफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची पट्टी तयार केली. ठरावीक शब्दांत बारा सूचना द्यायच्या आणि माणूस त्यांपैकी किती सूचनांना प्रतिसाद देतो ते मोजायचे, अशी ही पद्धत. ढोबळमानाने शंभरातील दहा ते पंधरा जण फार सहज संमोहित होतात, जवळपास तेवढ्याच लोकांवर फारसा परिणाम होत नाही आणि बाकीचे सगळे मधल्या पायऱ्यांवर असतात, असे चित्र त्यातून पुढे आले. विशेष म्हणजे, विद्यार्थीदशेत तपासलेल्या पन्नास जणांची पंचवीस वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांचे गुण बऱ्याच अंशी पूर्वीसारखेच आढळले. १९८९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकसारख्या जुळ्यांमध्ये ही क्षमता अधिक मिळतीजुळती असते, हेही दिसले आहे. म्हणजे काही भाग आनुवंशिक असावा.

याचा संबंध दुबळ्या मनाशी किंवा भोळेपणाशी आहे, ही समजूत मात्र टिकलेली नाही. वाचनात किंवा संगीतात देहभान विसरून रमणाऱ्यांकडे ही क्षमता थोडी अधिक असते, पण हा संबंधही फार घट्ट नाही. लक्ष केंद्रित करणारे आणि महत्त्वाचे काय ते निवडणारे मेंदूचे भाग सहज संमोहित होणाऱ्यांमध्ये एकमेकांशी अधिक ताळमेळ राखतात, असे २०१२ मधील स्टॅनफर्डच्याच एका अभ्यासात आढळले. त्याखेरीज विश्वास, अपेक्षा आणि इच्छा यांचाही वाटा असतोच. त्यांपैकी कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

हा केवळ प्रयोगशाळेतील वाद नव्हे. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, आतड्याचे काही विकार यांवर आज संमोहनाचा उपयोग केला जातो. कोणाला त्याचा मोठा लाभ होतो, कोणाला अजिबात होत नाही. लाभ झाला नाही की रुग्ण एक तर स्वतःला दोष देतो, नाहीतर उपचार करणाऱ्याला भोंदू ठरवितो. दोन्ही टोके चुकीची आहेत. माणसामाणसांत जसा सुरांचा कान कमीअधिक असतो, तसाच हाही भेद आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि कोणाचे कसबही त्यापुढे फारसे चालत नाही. फारिया यांनी १८१३ मध्ये भर सभेत लोकांना अयोग्य म्हणून बाजूला केले, तेव्हा ते नकळत हेच सांगत होते.

पणजीचा तो पुतळा देखणा आहे, यात वाद नाही. पुढे पसरलेले ते हात कोणाच्याही डोळ्यांत भरतात. पुढच्या खेपेला तेथे गेलात, तर क्षणभर त्या हातांवरून नजर काढून खाली कलंडलेल्या स्त्रीच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहा. आबे फारिया यांचे सारे लक्ष तिकडेच होते.